ओळखीची घागर

यंत्राचं सरकारी नाव 'जलसाक्षी' होतं, पण पिंपळदऱ्याच्या बायकांनी आठवड्याच्या आत त्याची नणंद करून टाकली. कळशीएवढं, करड्या रंगाचं ते यंत्र गावच्या उंच टाकीच्या बुडाशी, व्हॉल्वच्या शेजारी बसवलं होतं. तिथे गप्प बसून ते पाणी चाखत राहायचं. पाण्यात घाण आली तर 'आली' एवढंच सांगून ते थांबणारं नव्हतं, कोणाच्या घरची आली तेही सांगणारं होतं. हे पहिल्यांदा ऐकणारी बाई म्हणाली, मग ही आमच्या नणंदेसारखीच झाली की, चहाचा एक घोट घेऊन दूध कोणाच्या म्हशीचं ते ओळखणारी. सगळ्या हसल्या आणि नाव पडलं ते पडलंच. टाकीवरून जाताना बायका डोक्यावर पदर घ्यायच्या, म्हणायच्या, बसल्या का नणंदबाई.

नणंदेला गावात आणलं हेमलता फिरकेनं. ती पाणी समितीची अध्यक्ष. तापीकाठच्या या गावात नळ आले तेव्हापासून पाण्याचं सगळं तिच्याकडे होतं, आणि आखाजीच्या गाण्यांचंही. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय तृतीया, भर वैशाखात लेकींना माहेरी आणणारा सण. झोक्यावर बसून हेमावहिनीनं एक ओळ टाकली की पुढच्या चार ओळी बायांच्या तोंडात आपोआप यायच्या.

यंत्र आणायचं कारण गेल्या ज्येष्ठातली कावीळ. पाऊस यायच्या आधी, उन्हानं जीव नकोसा झालेला असताना, अर्ध्या गावाचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे झाले. गावातली माणसं सलाईन लावून, उसाचा रस पिऊन उठली. पण खाली नाल्यापलीकडे भिल्लांच्या वस्तीत, भिलाटीत, रमकूबाई मालचेची सून संगीता सातव्या महिन्यात होती. गरोदर बाईला ही कावीळ वाईट. संगीता वाचली, बाळ गेलं.

या रमकूबाईकडे टाकीचं काम होतं. टाकी घासायची, पाण्यात पावडर मिसळायची, व्हॉल्व फिरवायचे. गावानं विचार करायला फार वेळ घेतला नाही. टाकीत हात कोणाचा असतो, तर रमकूचा. त्या हातांचं काय सांगावं, असं कोणी एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी मान हलवली. हेमलतानं निर्णय मात्र फार गोड शब्दांत दिला. तुझ्या घरात दुखणं आहे, तू आता विसावा घे, म्हणाली. भिलाटीचा नळही मोठ्या टाकीवरून तोडला आणि नाल्याकाठी एक छोटी प्लास्टिकची टाकी बसवून दिली, तीही तुमच्याच भल्यासाठी म्हणून. रमकूबाईनं कमरेची किल्ली काढली, पदरानं नीट पुसली आणि मग हेमलताच्या हातावर ठेवली.

ते पुसणं हेमलताच्या डोळ्यासमोरून वर्षभर गेलं नव्हतं. भिलाटीत कुजबुज होती, तालुक्याहून कोणी विचारणा करून गेलं होतं. म्हणून तिनं राष्ट्रीय जलसेवेच्या कचेरीत खेटे घातले. एकदा यंत्रानंच सांगू दे, म्हणजे आपल्याला कोणी बोल लावायला नको. यंत्र काय सांगेल याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

यंत्र बसवायला शरीफ तडवी नावाचा इंजिनिअर आला. यावलकडचा, सावळा, शांत बोलणारा माणूस. समितीला ओट्यावर बसवून त्यानं सगळं समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात, तो म्हणाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचं एक गाव असतं. एका चुलीवर जेवणाऱ्या, एका माठातलं पाणी पिणाऱ्या माणसांची ही गावं हळूहळू एकमेकांसारखी होत जातात. नवी सून येते तेव्हा तिच्या पोटातलं गाव माहेरचं असतं. दोन-तीन वर्षांत ते सासरचं होतं.

"म्हणजे आडनावासारखं पोटही बदलतं म्हणा," कोणीतरी मागून म्हणालं.

तडवी हसला आणि पुढे सांगू लागला. या जिवाणूंवर जगणारे त्यांच्याहून बारीक विषाणू असतात, आणि ते इतके चोखंदळ की एका घरचे दुसऱ्या घरी सहसा नांदत नाहीत. यंत्रात एक पातळ पापुद्रा आहे. त्याची भोकं इतकी बारीक की डीएनएचा एका वेळी एकच धागा त्यातून ओवला जावा. धागा सरकताना विजेचा प्रवाह किंचित थरथरतो आणि त्या थरथरण्यावरून यंत्र धाग्यावरची अक्षरं वाचतं. महिनाभर प्रत्येक घराच्या शौचालयाच्या नळीतून नमुने घेऊन घराघराची खूण त्यात साठवली जाईल. पुढे पाण्यात काही सापडलं की त्या खुणांशी ताडून बघायचं. गेल्या वैशाखात नेहमीच्या तपासणीला नेलेलं टाकीचं पाणी प्रयोगशाळेत गोठवून ठेवलं आहे, तेही ताडून बघू.

मग त्यानं कायदा सांगितला. पहिल्या वर्षांत घरांची नावं चौकात लागायची. एका गावात अशा एका घराशी लोकांनी बोलणं टाकलं, दुकानदारानं मीठ देणं बंद केलं आणि त्या घरच्या धाकट्या सुनेनं विहीर जवळ केली. तेव्हापासून कायदा बदलला. आता दूषण सापडलं एवढंच गावाला कळतं. नाव कळतं फक्त त्या घराला, तेही त्याच्या कानात. दुरुस्ती सरकारच्या खर्चानं होते आणि नाव कायमचं झाकलं जातं. लोक त्याला पदराचा कायदा म्हणत.

हेमलताला कायदा आवडला. चांगलं आहे, ती म्हणाली, रमकूची आणखी शोभा व्हायला नको.

*

नळ आले त्या वर्षीची गोष्ट. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना टाकीचं पाणी परकं वाटत होतं. त्याला चव नाही, वास औषधाचा, असलं पाणी पितरांच्या घागरीत कसं भरायचं. तेव्हा हेमलताच्या सासूबाई गोदामाय यांनी तोड काढली. फिरक्यांच्या अंगणात आड होता, त्याच्या पाण्याची गोडी पंचक्रोशीत. गोदामायनं त्या आडाची एक घागर भरून आखाजीच्या आदल्या दिवशी टाकीत ओतायला लावली. म्हणाल्या, नवं पाणी आहे, बावरलेलं असेल, जुन्या पाण्याशी त्याची ओळख करून द्यावी.

किती सुंदर वाटलं होतं ते. त्या वर्षापासून रीतच पडली. ओळखीची घागर हेमलताच्या डोक्यावर असायची, टाकीच्या लोखंडी जिन्यावरून ती एकेक पायरी चढायची आणि मागून घागरीला हात देत रमकू चढायची. दोघींनी मिळून पाणी ओतायचं. आणि पितरांच्या पाण्याला औषधाचा वास नको म्हणून ते दोन दिवस टाकीत पावडर टाकायची नाही, हेही तेव्हाच ठरून गेलं. कोणी ठराव केला नव्हता. देवघरात चप्पल घालून जायचं नाही, हे कोणी लिहून ठेवतं का, तसंच ते.

यंदा जिन्यावर मागून हात द्यायला रमकू नव्हती. हेमलताची लेक ऋतुजा नाशिकहून आली होती, ती मागे उभी राहिली. घागर ओतताना पाण्याचा आवाज टाकीच्या पोटात घुमला. खाली बायांनी गाणं उचललं. टाकीच्या बुडाशी नणंद गप्प बसून होती.

आखाजीच्या दिवशी हेमलतानं लाल मातीची घागर भरली, तिच्या तोंडावर लहानसं मडकं आणि त्यावर खरबूज ठेवलं. घागर सासूबाईंच्या नावाची आणि दिगंबरच्या. दिगंबर, तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली होती. खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या होत्या, आमरस झाला होता. तिनं निखाऱ्यावर तूप सोडलं, घास ठेवला आणि धुरातून नवऱ्याला जेवायला बोलावलं.

तेवढ्यात कानातला मणी बोलला. आताशा फोन खिशात कोणी बाळगत नसे, मोत्याएवढा मणी कानात असला की झालं. पहिला निरोप साऱ्या गावाला होता. टाकीच्या पाण्यात दूषण सापडलं आहे, मूळ कळलं आहे, संबंधित घराला कळवलं आहे, तीन दिवस पाणी उकळून प्यावं. शेजारच्या ओसरीवरही एकदम बोलणं थांबलं, म्हणजे तिथेही तेच ऐकू आलं होतं. हेमलताच्या मनात आलं, सापडली शेवटी. तिला रमकूची कीवही आली.

मग मणी पुन्हा बोलला, आता अगदी हळू.

"हेमलता दिगंबर फिरके. हा निरोप फक्त आपल्यासाठी आहे. टाकीच्या पाण्यात आपल्या घराची खूण आढळली आहे. गेल्या वैशाखात गोठवून ठेवलेल्या पाण्यातही हीच खूण होती, काविळीच्या विषाणूसह. आपलं नाव कुणालाही सांगितलं जाणार नाही. आपण घाबरू नये."

निखाऱ्यावरचा घास जळून काळा पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. आवाज इतका मऊ होता की कोणी आजारी माणसाला थोपटतंय असं वाटावं.

*

तडवी दुपारी आला. सणाच्या दिवशी आला म्हणून आधी त्यानं माफी मागितली. ती म्हणाली, तुमचं यंत्र चुकलंय. तो म्हणाला, चुकूही शकतं, बघू या. त्यानं आडात नळी सोडली, मागे शौचालयाच्या टाकीपाशी गेला, जमिनीकडे बघत परत आला. वैशाखात काळी जमीन उकललेली होती, भेगा अशा की त्यात हात कोपरापर्यंत जावा.

"मावशी, ही टाकी किती खोल आहे?"

हा प्रश्न तिला फार वर्षं आवडत आला होता. दिगंबरनं टाकी खणली तेव्हा गाव बघायला लोटलं होतं. सरकार म्हणत होतं दोन उथळ खड्डे घ्या, एक भरला की दुसरा वापरा, पहिल्याचं खत होऊ द्या. भिलाटीनं तसं केलं, त्यांना तेवढंच परवडत होतं. पण आपण आपलीच घाण उपसायची, या कल्पनेनंच फिरक्यांना शिसारी आली. दिगंबरनं मजूर लावून पाताळ गाठावं तसा खड्डा खणला. एकदाच खणू, नातवंडांनाही उपसायला नको. आणि खरंच, ती टाकी कधी भरलीच नाही. पाहुण्यांना हे कौतुकानं सांगितलं जायचं.

आजही ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. आमची टाकी आजपर्यंत एकदाही उपसावी लागली नाही. ते अर्ध्यात थांबलं, कारण सांगता सांगता तिलाच ते ऐकू आलं. जे कधी भरलंच नाही, ते सगळं गेलं कुठे.

तडवीनं खाली बघितलं. त्यानं सांगितलं ते असं. एवढ्या खोल खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीशी जाऊन भिडतो, तिथे गाळायला माती उरत नाही. पावसाळ्यात काळी माती फुगते, भेगा मिटतात, थोडा अटकाव होतो. उन्हाळ्यात मात्र भेगांचे पाट होतात आणि खड्ड्यातलं सरळ आडात उतरतं. यंदा त्या पाण्यात रोग नव्हता, नुसती घाण होती. गेल्या वर्षी या घरात कोणाला तरी कावीळ होऊन गेली असावी, कदाचित कळलीही नसेल.

ऋतुजा दारात उभी होती. गेल्या वर्षी ती चैत्रातच माहेरी आली होती, अंग मोडलेलं, तोंडाला चव नाही. ऊन बाधलं म्हणून आईनं तिला कांद्याचा रस लावला होता, कोकम पाजलं होतं. पंधरा दिवसांत ती खडखडीत बरी झाली आणि झोक्यावर सगळ्यात उंच गेली.

"पण टाकीत एवढी पावडर असते," ओळखीच्या घागरीचं ऐकून तडवी म्हणाला. "एका घागरीनं एवढं व्हायला नको होतं. तेच मला उलगडत नाही."

हेमलता जमिनीच्या भेगेकडे बघत राहिली. मग पितरांच्या पाण्याला वास नको म्हणून काय करतात, ते तिनं त्याला सांगितलं. तडवीनं नळी गुंडाळली, उद्यापासून आडावर झाकण आणि शौचालयाला नवे खड्डे, एवढं म्हणाला. जाताना मात्र थांबला.

"माझ्या तोंडून हे कुठे जाणार नाही, मावशी. कायदाच आहे तसा."

तिला वाटलं, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर ऋतुजा भिंतीला टेकून बसली. रडली नाही. मग म्हणाली, आई, आपण मुद्दाम काही केलेलं नाही. तिथे संगीताचं बाळ गेलं त्यात माझं नाव निघालं तर मी या गावात कशी येऊ, सासरी काय सांगू. पदराचा कायदा आपल्यासारख्यांसाठीच आहे ना. आड बुजव, खड्डे नवे कर, रमकूबाईला पुन्हा कामावर घे, काही न बोलता. सगळं नीट होईल.

लेकीचं बोलणं खोटं नव्हतं. सगळं नीट झालंच असतं. फक्त रमकूचे हात गावाच्या लेखी तसेच राहिले असते.

*

संध्याकाळी पारावर माणसं जमली. भास्कर महाजन, समितीचे उपाध्यक्ष, उभे राहिले. ते म्हणाले की नणंदबाई नाव सांगत नाहीत, ठीक आहे, पण आपल्याला काय कळत नाही का. लोक हसले. भिलाटीचा नळ तर वर्षापूर्वीच तोडलाय, मग मोठ्या टाकीत त्यांची घाण येईल कशी, असं एका तरुण मास्तरानं विचारून पाहिलं. त्यालाही उत्तर तयार होतं. त्यांच्या बाया व्हॉल्वापाशी येतात, हातपाय धुतात, आम्ही पाहिलंय. मग सूचना आली की वेगळी टाकी आता कायमची करावी आणि भिलाटीनं मोठ्या टाकीच्या आवारात पाय ठेवू नये. उद्या नाल्यावर बायकांच्या गाण्यांचा बार झाला की ग्रामसभेत ठराव घेऊ.

"वहिनी, तुम्हाला कळलं असेलच कोण ते. तुमचं काय म्हणणं?" महाजनांनी विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. या पारावर ती कितीदा बोलली होती, हात धुण्यावर, झाकणीवर, उघड्या गटारावर. एका जागी साचलेल्या पाण्यासारखं तिला आतून गढूळ वाटलं.

"दुरुस्ती होईल," ती म्हणाली.

तेवढंच बोलून ती खाली बसली. कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, बघ, नाव ठाऊक असून घेतलं नाही, याला म्हणतात मर्यादा. हेमलतानं ते ऐकलं. आयुष्यात इतक्या वेळा कौतुक झालं होतं, पण अंगाला चिकटलेलं असं हे एकच. घरी येऊन तिनं हात धुतले. मग पुन्हा धुतले. मग लक्षात आलं की पाणी आडाचं आहे.

*

सकाळी ती नाला उतरून भिलाटीत गेली. आपण इथे शेवटचं कधी आलो होतो ते आठवेना. प्रत्येक झोपडीमागे दोन उथळ खड्ड्यांच्या झाकण्या होत्या, मधे पेरूचं, लिंबाचं झाड. रमकूबाई छोट्या टाकीपाशी हंडा विसळत होती. संगीता उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं हेमलताला पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली.

रमकू आणि हेमलता यांचं नातं गावाला नीट सांगता आलं नसतं. वर्षभर ती 'वहिनी' आणि ही 'रमकू'. पण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बार असायचा. नाल्याच्या अलीकडे गावच्या बाया, पलीकडे भिलाटीच्या, आणि मधून गाण्यातून उणीदुणी. कोणाचं घर, कोणाचं नाक, कोणाच्या पोळीतलं कच्चं पुरण, काय वाटेल ते काढायचं. बारात नाव घेतलेलं चालतं, आणि बारात बोललेल्याचा राग घरी न्यायचा नाही. त्या एका दुपारी रमकू तिला 'हेमे' म्हणायची. हेमे, तुझं नाक मोठं, हेमे, तुझी म्हैस आटली. बायांमध्ये या दोघींच्या तोडीचं कोणी नव्हतं. बार संपला की रमकू पुन्हा 'वहिनी' म्हणत नाला उतरायची.

हेमलतानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आड, खड्डा, घागर, बंद ठेवलेली पावडर, ऋतुजाचं दुखणं. शब्द तिनं रस्त्यानं जुळवून आणले होते, ते निम्मे सांडले. रमकूबाई हंडा विसळतच राहिली. विसळून झाल्यावर तिनं तो पालथा घातला.

"गावाले सांगितलं?"

"नाही. काल विचारलं त्यांनी. बोलता नाही आलं मला."

"मंग मले काय सांगाले आली, वहिनी?" रमकूचा आवाज चढला नाही. "मी नव्हती, हे मले पहिल्यापासून माहीत व्हतं. ज्याईले माहीत नाही त्याईले सांग."

हेमलतानं विचारलं, आज बाराला याल ना. रमकू म्हणाली, पोरी नाही म्हणतात. मागच्या साली आम्ही म्हशी-नाकाचं गायलो, यंदा तिकडून आमच्या हाताचं गातील, ते कशाला ऐकायचं. मग ती आत गेली. उंबऱ्यापाशी तिनं घुटमळून मागे पाहिलं, पाणी विचारायचं की नाही असा क्षणभर तिचा चेहरा झाला, आणि ती न विचारताच गेली.

*

दुपारी नाल्याच्या अलीकडे गावच्या बाया जमल्या. नव्या साड्या, हातावर मेंदी, माहेरवाशिणींची पोरं काखेत. पलीकडचा काठ रिकामा होता. लांब बाभळीखाली भिलाटीच्या चार-सहा बाया उभ्या होत्या, यायचं की नाही अशा. त्यांत रमकूही होती, हाताची घडी घालून. गावच्या काठावर पारावरची माणसंही येऊन थांबली होती, बार झाला की सभा होती.

कोणीतरी म्हणालं, पलीकडे कोणीच नाही, यंदा कोणाला गाणार. दुसरी म्हणाली, लाज वाटत असेल त्यांना. हेमावहिनी, तुम्ही सुरू करा, ऐकू जाईल त्यांना तिथवर.

ऋतुजा आईच्या शेजारी होती. हेमलतानं तिच्या हाताला हात लावला. लेकीनं आईकडे पाहिलं, तिला कळलं, आणि तिनं डोळे मिटले. नको, असं ती म्हणाली नाही. हो, असंही नाही.

हेमलता काठावरून खाली उतरली. नाला कोरडा होता, तळाशी तडकलेला गाळ. बायांना वाटलं, रमकूला बोलवायला चालली. ती नाला ओलांडून पलीकडच्या उतारावर चढू लागली. पाय घसरला, गुडघा टेकला, गावच्या काठावर कोणी हसलं. वर चढून ती वळली आणि गावाकडे तोंड करून भिलाटीच्या काठावर उभी राहिली. तेव्हा हसणं थांबलं.

आजवर या काठावरून गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं. इथून फिरक्यांचं घर सगळ्यात उंच दिसत होतं, आणि त्याच्यामागे टाकी.

तिनं सूर लावला. बारातला सूर असा असतो की त्यात रडता येत नाही, तो ठेक्याचा, टोचण्याचा सूर आहे.

"फिरक्यांच्या अंगणात आडाचं गोड पाणी,
घाण त्यात मुरवली, हेमी त्या घरची राणी.

चढली गं टाकीवर, डोईवर घागर,
गावाला पाजलं तिनं आपल्या घरचं जहर."

गावच्या काठावर कोणी हललं नाही. काखेतलं एक पोर तेवढं कुरकुरलं. महाजनांनी टोपी काढून हातात घेतली, का ते त्यांनाही कळलं नसावं. बाराच्या रीतीप्रमाणे समोरून उत्तर यायला हवं होतं. ऋतुजा गर्दीच्या पुढे येऊन उभी होती, ताठ, एकटी, तिच्या आजूबाजूला थोडी जागा पडलेली.

बाभळीखालच्या बाया हळूहळू पुढे आल्या होत्या. हेमलताला मागे पावलं ऐकू आली, पण तिनं वळून पाहिलं नाही. तिसरी ओवी तिनं सकाळपासून मनात धरून ठेवली होती. ती म्हणताना ठेका सुटला आणि आवाज नाल्याच्या पुढे गेला नाही.

"रमकूच्या हातांवर घातला खोटा आळ,
संगीचा पाळणा रिता, सकाळ-संध्याकाळ."

वाऱ्यानं थोडी धूळ उडाली. मग डाव्या खांद्याशी कोणी येऊन उभं राहिलं. राखेचा आणि साबणाचा वास आला. रमकूबाई तिच्याकडे बघत नव्हती, समोर गावाकडे बघत होती.

"हेमे," ती म्हणाली, "शेवटचं तिकडे आयकू नाही गेलं. परत म्हन."

हेमलतानं डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.